बकऱ्याची सोडत आणि आठशे फूट : प्रेसिडिओच्या रॉकेट क्लबचं प्रकरण

अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या पार पश्चिमेला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर प्रेसिडिओ नावाचं गाव आहे. नदीपलीकडे मेक्सिकोतलं ओहिनागा. २०१० च्या जनगणनेत प्रेसिडिओची वस्ती साडेचार हजारही भरली नव्हती. कौंटीचं मुख्य ठिकाण मार्फा, ते उत्तरेला साठ मैलांवर, आणि मधल्या वाटेत ओसाड माळ. एके काळी कांदा आणि खरबुजांसाठी नाव असलेलं हे गाव आता ओळखलं जातं ते उन्हासाठी. गावाला वीज यायची ती मार्फाहून, १९४८ साली टाकलेल्या एकाच जुन्या लाईनवरून. वीज कडाडली की गाव अंधारात. शेवटी २०१० मध्ये तिथे चार मेगावॅटची सोडियम-सल्फर बॅटरी बसवावी लागली. तंत्रज्ञानाच्या मासिकांनी गावाची दखल घेतली ती बहुधा त्या बॅटरीमुळेच.

दुसऱ्यांदा दखल घेतली गेली ती ७ फेब्रुवारी २०१२ ला. व्हाइट हाउसमध्ये शाळकरी मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. मार्शमेलोच्या गोळ्या उडवणारी तोफ ओबामांनी स्वतः चालवून बघितली, ते हेच प्रदर्शन. त्यात प्रेसिडिओच्या सरकारी शाळेचा रॉकेट संघ होता. राष्ट्रीय रॉकेट स्पर्धेच्या अंतिम फेरीत तोवर तीनदा पोचलेला. भाषणात ओबामांनी मुलींना उभं केलं आणि सांगितलं की यांची शाळा ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या विभागात, येते ते टेक्ससमधलं गरिबीत चौथ्या क्रमांकाचं. बहुतेक मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही. शिक्षकांनी स्वयंपाक करून चर्च सुटल्यावर तो विकला, कुणी दोनशे मैल गाडी हाणून विक्रीसाठी डोनट आणले, आणि पैसे कमी पडले म्हणून चक्क एका बकऱ्याची सोडत काढली.

सभागृहाला मजा वाटली, वाटणारच. पण त्या दिवसापासून प्रेसिडिओची कहाणी बहुतेकांपुरती बकऱ्याशीच थांबली. माझं म्हणणं असं की बकरा हा या प्रकरणाचा सोपा अर्धा भाग आहे. त्या पैशातून मुलांनी जे विकत घेतलं, म्हणजे पुन्हा पुन्हा उडवून बघण्याची सोय, तो अवघड भाग आहे, आणि तो कुणी फारसा सांगत नाही.

स्पर्धा काय मागते

टीम अमेरिका रॉकेट्री चॅलेंज असं या स्पर्धेचं तेव्हाचं नाव. राइट बंधूंच्या उड्डाणाची शंभरी २००३ मध्ये भरत होती, तेवढ्या निमित्तापुरती ती योजली होती. विमान-अवकाश उद्योगांची संघटना आणि हौशी रॉकेटवाल्यांची राष्ट्रीय संघटना, दोघींनी मिळून. एकदाच घ्यायची होती, पण पहिल्याच वर्षी आठशेहून जास्त संघ आले. मग ती बंद करणं कुणालाच जमलं नाही.

नियम वरकरणी पोरखेळ वाटावा असा आहे. रॉकेटमध्ये कच्चं अंडं ठेवायचं, ठरावीक उंचीवर न्यायचं, ठरावीक सेकंदांत खाली आणायचं. अंड्याला तडा गेला की ते उड्डाण बाद. पहिल्या वर्षी दोन अंडी, दोन टप्प्यांचं रॉकेट आणि १,५०० फूट असं लक्ष्य होतं. २०१२ साली दोन अंडी, ८०० फूट आणि ४३ ते ४७ सेकंद. लक्ष्य दर वर्षी बदलतात, म्हणजे गेल्या वर्षीचं रॉकेट धूळ झटकून पुन्हा आणायची सोय नाही.

सर्वांत उंच कोण, असं ही स्पर्धा विचारत नाही. तिथे चुकीला गुण असतात. एक फूट वर गेलात काय किंवा एक फूट खाली राहिलात काय, एक गुण चढतो. वेळ चुकली की त्याहून जड दंड. ज्याचे गुण कमी तो पुढे. त्यामुळे मोठी मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी इंधनाची नळी, घालून धूर काढणाऱ्याला इथे काही किंमत नाही. अंगात शिस्त असलेला, वही नीट ठेवणारा संघ पुढे जातो. माझ्या मते शाळेसाठी आखलेल्या कुठल्याही विज्ञान स्पर्धेतला हा सर्वांत शहाणा नियम आहे.

आणखी दोन अटी प्रेसिडिओच्या दृष्टीने महत्त्वाच्या. रॉकेटची आखणी, बांधणी आणि उड्डाण संघातल्या मुलांनीच करायचं. मोठ्यांनी हात लावायचा नाही. आणि पात्रता फेरीची उड्डाणं आपल्याच गावात करायची, पण ती एका तटस्थ माणसाने डोळ्यांनी बघून सही करायची. तो राष्ट्रीय संघटनेचा प्रौढ सभासद हवा, संघातल्या कुणाचा नातेवाईक नको आणि शाळेच्या पगारावर नको. डॅलसमध्ये असा माणूस शोधायला एक फोन पुरतो. साडेचार हजारांच्या गावात, जिथे अर्धं गाव एकमेकांचं सोयरं आणि उरलेल्यांतले बरेच शाळेत नोकरीला, तिथे ही अट किती जाचक ठरते ते बघा.

पैसा

अंतिम फेरी भरते व्हर्जिनियातल्या द प्लेन्स गावाजवळच्या ग्रेट मेडो मैदानात, मे महिन्यात. देशभरातले सर्वोत्तम शंभर संघ तिथे बोलावले जातात. प्रेसिडिओपासून ते मैदान रस्त्याने तीन हजार किलोमीटरहून लांब. विमानाने जायचं तर मोठा विमानतळ गाठायलाच गाडीने चार तास. म्हणजे खर्चात रॉकेट हे सर्वांत स्वस्त कलम. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लास्टिकचं टोक, पॅराशूटचं कापड, दाबावरून उंची नोंदणारा छोटा अल्टिमीटर. यावर कुणाचं दिवाळं निघत नाही. मोटर मात्र प्रत्येक उड्डाणाला नवी लागते आणि सरावाची उड्डाणं डझनांनी करावी लागतात. तिकिटं, राहणं, जेवण हे वर.

ज्यांच्या गावात कारखाने आणि कंपन्या आहेत ते संघ एक पत्र लिहून प्रायोजक मिळवतात. प्रेसिडिओत पत्र लिहायचं कुणाला? म्हणून दहा-दहा, वीस-वीस डॉलरची वर्गणी वेगळ्या रूपात गोळा झाली. डोनट दोनशे मैलांवरून आणावे लागले यात विनोद आहे, पण त्यात व्यवहारही आहे: जे गावात मिळत नाही तेच चार पैसे जास्त देऊन खपतं. बकऱ्याचंही तसंच. शहरात सोडतीला टीव्ही ठेवतात. सीमेवरच्या गावात बकरा म्हणजे रविवारचं जेवण, नाहीतर परसात बांधायला जनावर. दोन्ही घरांना तिकीट घ्यावंसं वाटणारं बक्षीस ज्याने सुचवलं त्याला आपलं गाव नीट कळत होतं.

या तऱ्हेच्या पैशाचा एक गुण असा की तो मागताना उत्तर द्यावं लागतं. कंपनीला अहवाल पाठवला की झालं. चर्चबाहेर तिकीट घेणाऱ्या आजीला मात्र स्पॅनिशमध्ये सांगावं लागतं की हे अंडं वर का पाठवायचं आणि ते फुटत का नाही. जी गोष्ट आजीला सांगता येते ती परीक्षकालाही सांगता येते. ओबामांनी त्या भाषणात मुलींच्या सादरीकरणाचं तोंड भरून कौतुक केलं. ते कसब वर्गात जेवढं घडलं असेल तेवढंच गावातल्या विक्रीच्या टेबलामागे घडलं असावं, असा माझा तर्क आहे.

पण याचे फार गोडवे गायलाही मी तयार नाही. २०११ ची स्पर्धा जिंकली ती टेक्ससच्याच रॉकवॉल-हीथ शाळेने. रॉकवॉल हे डॅलसच्या कुशीतलं, राज्यातल्या सर्वांत सधन कौंट्यांपैकी एक. राज्य एक, स्पर्धा एक, नियम एक. पण एका शाळेच्या शिक्षकांनी शनिवारी स्वयंपाक करायचा आणि दुसरीच्या शिक्षकांनी त्या वेळात मुलांबरोबर आकडेमोडीला बसायचं. विजेत्यांच्या मेहनतीला मी उणं म्हणत नाही. एवढंच की प्रेसिडिओच्या शिक्षकांचे जे तास भाकऱ्या भाजण्यात गेले त्यांची गणना कुठल्याच गुणपत्रिकेत होत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहातल्या कुणीतरी, अशी पाळी एखाद्या सरकारी शाळेवर का येते, हे विचारायला हरकत नव्हती.

हवेचा हिशेब

आता अवघड भाग. प्रेसिडिओ समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवर आहे आणि एप्रिलमध्ये दुपारी तिथे पारा सहज पस्तिशीला टेकतो. ग्रेट मेडो जेमतेम पाचशे फुटांच्या आसपास, आणि मे महिन्यात तिथे वीस-बावीस अंशांची सुखद हवा. उंची कमी आणि गारवा जास्त, म्हणजे हवा दाट. पुढचा हिशेब माझा आहे, त्यांच्या वहीतला नाही, पण प्रत्येक दूरच्या संघाला तो कुठल्या ना कुठल्या रूपात करावाच लागतो.

वरचे आकडे घातले तर व्हर्जिनियातली हवा प्रेसिडिओच्या दुपारच्या हवेपेक्षा बारा-तेरा टक्के दाट निघते. सहाशे ग्रॅमच्या आसपासचं, आठशे फुटांवर जाणारं रॉकेट घेतलं तर या दाटपणामुळे ते पंधरा-वीस फूट खाली राहील. घरच्या मैदानावर बरोबर ८०० दाखवणारं रॉकेट तिथे ७८० दाखवील. अंतिम फेरीत वरच्या संघांमध्ये याहून कमी फरकाने क्रमांक बदलतात.

उपाय सोपा वाटतो: वजन कमी करा. टोकात वजनासाठी भरलेली माती दहा ग्रॅम काढली की उंची साधारण वीस फूट वाढते. पण इथेच मुलांची परीक्षा आहे. दाट हवेत पॅराशूट आधीच सहाएक टक्के सावकाश उतरतं, म्हणजे चाळीस सेकंदांच्या उतरणीत दोन-अडीच सेकंद जास्त. त्यात वजन काढलं, तर रॉकेट हलकं झालं म्हणून आणखी सावकाश उतरणार, आणि जास्त उंचीवरून उतरायचं म्हणून आणखी थोडा वेळ लागणार. उंची दुरुस्त केली की वेळ बिघडते. ४३ ते ४७ या खिडकीच्या मधोमध ४५ सेकंदांवर बसवलेलं रॉकेट खिडकीबाहेर जातं.

मग पॅराशूटला हात घालावा लागतो. मधलं भोक मोठं करायचं, नाहीतर दोऱ्यांना गाठ मारून छत्रीचा घेर आवळायचा. किती आवळला की किती सेकंद कमी होतात, हे पुस्तकात मिळत नाही. आपल्याच पॅराशूटवर, आपल्याच अंड्यांसह उडवून तक्ता करावा लागतो. पहाटेचं एक उड्डाण, दुपारचं एक, वारा असतानाचं एक, प्रत्येकाशेजारी तापमान, वजन, उंची, वेळ. पहाटे गार हवेत उडवलं तर घरबसल्या व्हर्जिनियाच्या थोडं जवळ जाता येतं, हेही त्या तक्त्यातूनच दिसतं. असा पंधरा-वीस ओळींचा तक्ता हातात असलेला संघ मैदानावर पोचल्यावर सकाळी थर्मामीटर बघतो आणि किती ग्रॅम माती काढायची ते ठरवतो. तक्ता नसलेला संघ देवाचं नाव घेतो.

बकऱ्याच्या तिकिटांनी काय विकत घेतलं असेल तर या तक्त्यातल्या ओळी. एक मोटर, एक ओळ. गरीब शाळेचं खरं नुकसान इथे होतं. हुशारी कमी म्हणून नव्हे, चुका करण्याची ऐपत कमी म्हणून. ज्याला पाचच उड्डाणं परवडतात तो पाचांतलं सर्वांत बरं निवडतो. ज्याला तीस परवडतात तो तिसाव्या उड्डाणाला का तसं झालं ते सांगू शकतो.

आगीशी खेळ, नियमांत

मोटरबद्दल थोडं, कारण पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरं तळघरात पाइपमध्ये रसायनं ठासायला लागली. बोटं गेली, डोळे गेले, काही जीवही गेले. नेब्रास्कातल्या नॉरफोकचा एक बुटांचा दुकानदार, ऑर्व्हिल कार्लाइल, याने त्याआधीच पुठ्ठ्याचं रॉकेट आणि बदलता येणारी तयार मोटर बनवून ठेवली होती. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र-चाचणी तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइनने ती पाहिली, सुरक्षेचे नियम बांधले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे व्हर्न एस्टेसने अशा मोटरी भराभर बनवणारं यंत्र तयार केलं आणि हा छंद दुकानात मिळू लागला.

मूळ अट तेव्हापासून तीच आहे: इंधन मुलांनी कालवायचं नाही, कारखान्यातून बंद मोटरच घ्यायची. पेटवायची ती विजेच्या तारेने, लांब उभं राहून, उलटी मोजणी मोठ्याने करून. मोठ्या मोटरला तीस फूट अंतर. रॉकेटच्या अंगात धातूचा सांगाडा नको. पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या छोट्या स्फोटाने ते जळू नये म्हणून मध्ये न पेटणारा कागद.

प्रेसिडिओच्या भागात याशिवाय एक स्थानिक धास्ती असते, वाळलेल्या गवताची. ९ एप्रिल २०११ ला मार्फाजवळ लागलेली रॉक हाउस आग तीन लाख एकरांवर पसरली आणि फोर्ट डेव्हिसमधली घरंही तिने खाल्ली. एप्रिलची सुरुवात म्हणजे पात्रता उड्डाणं संपवण्याची वेळ. त्या मुलखात लाँच पॅडभोवतीचं गवत आधी साफ करणं हा नियमावलीतला एक मुद्दा राहत नाही. आपलं मैदान आणि शेजाऱ्याचं कुरण त्यावर अवलंबून असतं.

एका बाईंवर उभा कार्यक्रम

क्लब चालवणाऱ्या विज्ञानशिक्षिका फिलिपिन्सहून आलेल्या होत्या. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या दूरच्या, गरीब शाळांना विज्ञान-गणिताचे शिक्षक मिळत नाहीत, म्हणून परदेशातून आणावे लागतात. आलेले शिक्षक कधी ना कधी मोठ्या शहराकडे जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. असा कार्यक्रम एका व्यक्तीच्या उत्साहावर किती वर्षं तग धरणार, हा प्रश्न प्रेसिडिओला जसा लागू तसा आपल्या कुठल्याही तालुक्यातल्या विज्ञान मंडळाला लागू.

इथे त्या गावगोळा पैशाचा दुसरा उपयोग दिसतो. प्रायोजक कंपनीचा संबंध बाईंशी असतो, बाई गेल्या की तो संपतो. सोडतीची तिकिटं घेतलेल्या घरांचा संबंध मात्र शाळेशी असतो. पुढच्या वर्षी नवीन शिक्षक आला आणि रॉकेट बंद झालं, तर मुख्याध्यापकांना बाजारात चार जण अडवून विचारतात. शिवाय संघ तीन ते दहा मुलांचा असतो आणि तेव्हा सातवीपासूनची मुलं त्यात चालत. त्यामुळे मोठी मुलं बाहेर पडताना धाकट्यांकडे वही सोपवणं शक्य होतं. ज्या शाळा ही सोय मुद्दाम वापरतात, दर वर्षी निम्मा संघ कोवळा ठेवतात, त्या टिकतात. सगळे हुशार बारावीचे घेतले की एक वर्ष दिमाखात जातं आणि पुढच्या वर्षी श्रीगणेशा.

आपल्या शाळेत यातलं काय आणता येईल

मोटर नाही. भारतात अशा मोटरी स्फोटकांच्या कायद्यात येतात आणि त्या परवान्यांचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत दारू भरण्याचा विचारही नको. दिवाळीतला बाण फोडून त्यातलं काढणं तर नकोच नको.

पण नियम जसेच्या तसे आणता येतात. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह, पायपंप, दाब दाखवणारा काटा. पाण्याचं रॉकेट आपल्या बऱ्याच शाळांत उडतं, फक्त तिथे कुणाचं जास्त उंच गेलं एवढंच बघतात आणि टाळ्या वाजवून घरी जातात. त्याऐवजी उंची ठरवून द्या, समजा पंचवीस मीटर. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून दोन बाजूंनी कोन मोजा, टॅन्जंट नववी-दहावीच्या मुलांकडून काढून घ्या. पुढच्या टप्प्यात अंडं. प्रत्येक उड्डाणाला इथे फक्त पाणी आणि हवा खर्च होते, म्हणजे प्रेसिडिओच्या मुलांना ज्या ओळीसाठी बकरा सोडतीला लावावा लागला ती आपल्याला फुकट आहे. तीस उड्डाणांचा तक्ता दोन शनिवारांत होतो. दाबाचा काटा मात्र नाही म्हणून चालणार नाही आणि बाटली फाटू शकते, तेव्हा पंप मारणाऱ्याला लांब नळी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि सही करणारा तटस्थ माणूस. शिक्षक नको, पालक नको. पोस्टमास्तर, बँकेतले कॅशियर, ग्रामसेवक, कुणीही. वहीत आकडा लिहिल्यावर त्याखाली त्यांनी सही करायची आणि खाडाखोड असेल तर सही नाकारायची. आपल्या प्रदर्शनांत पाहुणे फीत कापायला बोलावतात. त्याच पाहुण्याला अर्धा तास कोनमापक हातात देऊन मैदानात उभं केलं, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागायला त्याच्याकडे जाताना काय चाललंय ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.